जुन्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड घरी बदलायचाय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांची 1998 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली. गेले काही दिवस स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) टिकतच नाहीये, कधी रेस आपोआप चढते, कधी सिग्नलला बंद पडते, आणि चोक थोडा ओढून ठेवला की मात्र बरी चालते. मिस्त्री म्हणाला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमध्ये मिसळलेली हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे नेणारा पाइप, बाहेरची हवा घेतोय, दुसरा टाकावा लागेल. कबाडीकडे एक सेकंडहँड मिळतोय. मला हे काम स्वतः घरी करायचंय पण बाबा म्हणतात इंजिनाची वाट लावशील. जमेल का? आणि सिलिकॉन लावून बसवला तर नवीन गॅस्केट (मधलं पॅकिंग) घ्यायची गरज आहे का?

उत्तर : जमेल. बाबांना सांग की हे काम इंजिन उघडण्याचं नाही, हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) बाहेरचं आहे, टायमिंग बेल्टला किंवा व्हॉल्व्हला हात लागत नाही. फक्त घाई करायची नाही आणि एक पूर्ण सुट्टीचा दिवस हातात ठेवायचा. सिलिकॉनचं उत्तर "नाही" असं आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

पण आधी मला सांग, मॅनिफोल्डच खराब आहे हे मिस्त्रीनं तपासून सांगितलं की आवाज ऐकून? कारण तू दिलेली लक्षणं बाहेरची हवा आत शिरतेय एवढंच सांगतात, ती कुठून शिरतेय ते सांगत नाहीत. चोक ओढल्यावर गाडी सुधारते म्हणजे मिक्श्चर पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय आणि हवा जास्त होतेय, इथपर्यंत ठीक. आता ही जादा हवा मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधल्या गॅस्केटमधून येऊ शकते, कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून किंवा तिथल्याच उष्णता अडवणाऱ्या जाड इन्सुलेटरमधून येऊ शकते, ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा भाग) असेल तर त्याच्या होजमधून, पीसीव्हीच्या (इंजिनमधली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या) पाइपमधून, आणि पंचवीस वर्षं चाललेल्या कार्बोरेटरमध्ये तर थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) दांडीची भोकं झिजून तिथूनही येते. शेवटचं असेल तर दहा मॅनिफोल्ड बदललेस तरी फरक पडणार नाही. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी शोध घे.

सगळ्यात सोपं, इंजिन गरम करून स्लोवर ठेव आणि एकेक रबरी होज पक्कडनं हळूच दाबून बघ, ज्या होजला दाबल्यावर रेस एकदम सुधारते तो होज किंवा त्याच्या पुढची वस्तू दोषी. मग इस्त्रीला वापरतो तो पाण्याचा स्प्रे घे आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला टेकतो तिथे बारीक फवारा मार, प्लगच्या वायर आणि डिस्ट्रिब्युटर सोडून. हवा खेचली जात असेल तर पाणीही खेचलं जातं आणि क्षणभर इंजिनचा आवाज बदलतो. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून बघायची आपल्याकडे फार पद्धत आहे, ती चालू इंजिनवर करू नकोस, गरम एक्झॉस्टवर पडलं की पेटतं, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

तिसरी गोष्ट प्लग काढून बघ. 800 मध्ये तीन सिलिंडर आणि मॅनिफोल्डच्या तीन वेगळ्या वाटा, त्यामुळे गॅस्केट एका ठिकाणी गेलं असेल तर त्याच सिलिंडरचा प्लग पांढराफटक दिसतो आणि बाकी दोन ठीक असतात. तिन्ही सारखेच पांढरे असतील तर गळती कार्बोरेटरच्या बाजूला किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे, मॅनिफोल्डच्या तोंडावर नाही. एवढ्या एका निरीक्षणानं पुष्कळ खर्च वाचतो.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणारं मीटर) मिळालं तर उत्तमच, सियागंजात टूल्सच्या दुकानात चौकशी कर. फक्त एक लक्षात ठेव, पुस्तकांत निरोगी इंजिनसाठी 17 ते 21 इंच पारा लिहिलेला असतो तो समुद्रसपाटीचा आकडा आहे, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो आणि आपलं इंदूर 550 मीटरच्या आसपास म्हणजे अठराशे फूट उंचावर आहे, तेव्हा इथे जवळजवळ 2 इंच कमी दिसणारच. 16 वर स्थिर काटा बघून घाबरू नकोस. 10-12 वर लटकत असेल तर गळती आहे किंवा इग्निशन टायमिंग मागे आहे, दोन्ही तपास.

अजून एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या पेट्रोलला साधारण 13.5, म्हणजे तुझं जुनं कार्बोरेटर कुठेही गळत नसलं तरी आधीपेक्षा पातळच चालतंय. त्यात जुन्या रबराचे होज इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात नाहीतर तडकतात. त्यामुळे मॅनिफोल्ड काढायचाच आहे तर सगळे पेट्रोल होज आणि व्हॅक्यूम होज त्याच वेळी नवे टाक, इथेनॉलला चालणारे मागून घे. ते काही महाग नसतात.

बरं, तपासलंस आणि खरंच मॅनिफोल्डच निघाला, तर आता कबाडीकडचा माल. तो घेताना तुझ्याच गाडीचा आहे ना हे बघ. 2000 च्या सुमारास 800 मध्ये एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन) आलं, त्याचा मॅनिफोल्ड वेगळा असतो, आणि बारा व्हॉल्व्हच्या हेडचा तर सहा व्हॉल्व्हच्या हेडला बसणारच नाही. तुझं नवीन गॅस्केट सोबत घेऊन जा आणि मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवून भोकं जुळव. कूलंटच्या वाटेत पांढरी खाचखळगी पडलेली असतील तर नको म्हण, गंजलेलं ॲल्युमिनियम उद्या गळणार. कान (नट बसतो तो बाहेर आलेला भाग) तुटलेला, वेल्डिंग केलेला नको. मग तोंडाची सपाटी. त्यासाठी चांगली स्टीलची स्ट्रेट एज (अगदी सरळ धारेची पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी) लागतं, शाळेची पट्टी चालत नाही. उभी, आडवी, तिरकी ठेवून बघ, 0.10 मिलिमीटरचं पातं कुठेही खालून गेलं की तोंड वाकलंय असं समज. वाकलेलं तोंड डगमगणाऱ्या पोळपाटासारखं, एक बाजू दाबली की दुसरी उचलते, आणि नट कितीही आवळले तरी ते सरळ होत नाही, उलट कान तुटतो.

आणि हे ऐक, तुझा जुना मॅनिफोल्डही असाच तपासून बघ! बहुतेक वेळा तो फुटलेला नसतोच, नुसता वाकलेला असतो आणि पोलोग्राउंड किंवा सांवेर रोडच्या इंडस्ट्रियल एरियातला एखादा चांगला मशीनवाला त्याचं फेसिंग करून, म्हणजे तोंड मशीनवर सपाट करून देतो, अगदी हलका हात फिरवून. मी तर नेहमी म्हणतो की ज्या हेडवर जो मॅनिफोल्ड इतकी वर्षं बसला तोच दुरुस्त होत असेल तर परक्याच्या मागे लागू नये.

आता काम. आदल्या रात्री सगळ्या नटांवर जंग सोडवणारं तेल मारून ठेव. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात, बॅटरीची निगेटिव्ह तार काढ, पेट्रोल टाकीचं झाकण एकदा उघडून प्रेशर जाऊ दे. जवळपास गॅसची शेगडी, अगरबत्ती, देवघरातला दिवा काही नको, पार्किंगमध्ये हवेशीर जागी कर. या मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतं म्हणून रेडिएटर रिकामा करावा लागतो, खाली परात ठेव आणि कूलंट रस्त्यावर सोडू नकोस, ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

मोबाईलवर फोटो काढ, भरपूर काढ, आणि प्रत्येक होजला कागदी टेप लावून नंबर टाक. एअर क्लीनर काढ, ॲक्सिलरेटर आणि चोकची केबल, सोलेनॉइडची वायर, पेट्रोल येण्याचा आणि परतीचा असे दोन पाइप, ते काढून लगेच बुच लावून टाक. कार्बोरेटर मॅनिफोल्डवरून वेगळं काढायची गरज नाही, दोन्ही जोडीनं बाहेर येतात, टेबलावर आरामात सुटं करता येतं. नट 12 च्या गोटीनं निघतात. बाहेरच्या टोकांकडून सुरू करून मधल्याकडे थोडे थोडे सैल कर, एकेक नट पूर्ण काढत बसू नकोस. नट फिरत नाहीये तर लांब पाइप लावून ताकद लावायची नाही, परत तेल, थोडं थांबणं, थोडं आवळून मग सैल करणं. नटाबरोबर अख्खा स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा) निघून आला तर काही बिघडत नाही. स्टड तुटला तर मात्र तिथेच थांब आणि जाणत्या माणसाला बोलव, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वाकडं ड्रिल गेलं की आटे जातात आणि काम वाढतं.

मॅनिफोल्ड निघाला की पहिल्याच मिनिटाला हेडच्या तिन्ही तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घाल, मोठे घाल, शेपटं बाहेर ठेवून. नट आत पडला की हेड उघडण्याशिवाय इलाज नाही.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका इथेच लोक घाई करतात. जुनं गॅस्केट खरवडणं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, मऊ आहे, स्क्रू ड्रायव्हरनं किंवा पटाशीनं खरवडलंस की ओरखडा पडतो आणि तोच उद्याच्या गळतीचा रस्ता होतो. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी, गॅस्केट रिमूव्हर, आणि वेळ. ग्राइंडरला ती घासायची जाळीदार चकती लावून दोन मिनिटांत चकाचक करणारे मिस्त्री खूप आहेत, पण त्या चकतीचा भुगा म्हणजे पीसलेला खडाच असतो, तो हेडच्या तोंडातून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जातो आणि बेअरिंग खातो. हात दुखला तरी चालेल, हातानंच कर. मग बोळे जपून बाहेर काढ, कचरा आत पडू न देता, आणि जितके घातले तितके निघाले ना ते मोजून घे.

सिलिकॉनचं आता सांगतो. साधं आरटीव्ही (हवेत आपोआप घट्ट होणारं) सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, फुगतं, सुटतं, आणि आवळताना जे आतल्या बाजूला दाबून बाहेर येतं त्याचे तुकडे थेट इनटेक व्हॉल्व्हवर जातात. नवीन गॅस्केट कोरडं बसव. तोंड सपाट आणि स्वच्छ असेल तर त्याला दुसऱ्या कशाची मदत लागत नाही, आणि सपाट नसेल तर सिलिकॉनची अख्खी ट्यूबही थोड्याच दिवसांची सोबत करते. कूलंटच्या भोकाभोवती काहीजण पातळ थर देतात, ते मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच, तेही नखभर.

बसवताना स्टडचे आटे वायर ब्रशनं साफ कर, सगळे नट आधी हातानं पूर्ण फिरतात ना बघ, मग मधल्यापासून बाहेरच्याकडे दोन-तीन फेऱ्यांत आवळ. या मापाच्या नटाला साधारण 18 ते 23 न्यूटन मीटर, म्हणजे दोन किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. टॉर्क पाना मित्राकडून मागशील तर छोटा माग, चाकाच्या नटांचा मोठा पाना एवढ्या कमी आकड्यावर खरं सांगत नाही.

कूलंट नवीन भर, अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर. नर्मदेचं नळाचं पाणी पिण्याला ठीक, रेडिएटरला नको, आणि बोअरिंगचं तर मुळीच नको, क्षार जमतात. हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच इंजिन थंड असताना चालू कर आणि थर्मोस्टॅट उघडून हवा निघेपर्यंत स्लोवर राहू दे, बुडबुडे थांबले की भरून झाकण लाव. गरम इंजिनवर बंद झाकण उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी थंडपणी लेव्हल परत बघ आणि नटही एकदा तपास.

शेवटी स्लो आणि मिक्श्चर परत सेट करावं लागेल, कारण आधीच्या मिस्त्रीनं गळती झाकायला स्क्रू उघडून ठेवला असणार. हे पीयूसीवाल्याच्या मशीनवर केलंस तर उत्तम, तुझ्या गाडीच्या वयाला स्लोवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्क्यांच्या आत लागतो, आकडा समोर दिसतो तेव्हा अंदाजानं पिळत बसावं लागत नाही. बाबांनाही सोबत घे या कामाला, टॉर्च धरायला एक माणूस लागतोच.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची पेट्रोल अँबॅसडर आहे, 1489 सीसीची. मुक्काम राजेंद्रनगर, इंदूर. एक्झॉस्टचं पॅकिंग वारंवार उडतं, फटफट आवाज येतो, ते बदललं की इनटेकची बाजू हवा घेऊ लागते. तीन ठिकाणी दाखवून झालं. घरी करण्यासारखं आहे का? वय 64, पण हात चालतात.

उत्तर : तुमच्या हातांवर माझा पूर्ण भरवसा आहे साहेब, आणि तुमचा त्रास मला नीट कळलाय कारण या इंजिनचा हा जन्मजात स्वभाव आहे. हे मूळ इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-सीरिजचं इंजिन. यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही हेडच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी, एकाच लांब गॅस्केटवर बसतात आणि खरी गोष्ट म्हणजे त्यांचे काही स्टडही सामायिक आहेत. एक जाड वॉशर अर्धा इनटेकच्या कानावर आणि अर्धा एक्झॉस्टच्या कानावर टेकतो. आता त्या दोन कानांच्या जाडीत थोडा जरी फरक असला तर वॉशर जाड कानाला दाबून धरतो आणि पातळ कान मोकळाच राहतो. कुणीतरी मागे कधी एकट्या एक्झॉस्टचं फेसिंग करून आणलं असेल, तो पातळ झाला, आणि तिथून हा खेळ सुरू झाला. एकाची बाजू सांभाळली की दुसरी सुटते ते याचमुळे, पॅकिंग कितीही भारी आणलं तरी.

त्यामुळे तुम्ही दोन्ही मॅनिफोल्ड काढा आणि मशीनवाल्याला स्पष्ट सांगा की दोन्ही एकाच प्लेटवर एकत्र बांधून एकाच वेळी फेस करायचेत, आणि नंतर जिथे वॉशर बसतो तिथल्या कानांची जाडी कॅलिपरनं मोजून सारखी करायची. वॉशरही बघा, वर्षानुवर्षं दाबून ते वाटीसारखे खोलगट होतात, नवे जाड घ्या, पातळ बाजारू वॉशर दुहेरी लावून उपयोग नाही. हेड बिडाचं आहे तेव्हा तोंड खरवडताना मारुतीइतकी भीती नाही, पण स्टड गंजून पक्के बसलेले असतात, तेल दोन-तीन दिवस आधीपासून मारत राहा. आणि एक विनंती, जुन्या काळच्या या गॅस्केटांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तेव्हा कोरडं खरवडू नका, पाण्यानं भिजवून, तोंडाला मास्क लावून, आणि एअरच्या पाइपनं भुगा उडवायचा नाही. नातवंडं आसपास नकोत.

तपासणीचं एक सांगतो. तुमच्या हेडला चार सिलिंडरांसाठी इनटेकची तोंडं दोनच आहेत, एक-दोन मिळून एक आणि तीन-चार मिळून एक. म्हणून इनटेक हवा घेत असेल तर शेजारचे दोन प्लग जोडीनं पांढरे दिसतील. पहिला आणि चौथाच पांढरा असेल तर तो मॅनिफोल्डचा विषय नाही, दुसरीकडे शोधा. आणि स्प्रे मारून तपासायचा मोह तुम्ही तर अजिबात करू नका, तुमच्या गाडीत इनटेकच्या अगदी लगत लालबुंद एक्झॉस्ट आहे, पाणी मारलं तरी तापलेल्या बिडाला तडा जाऊ शकतो. व्हॅक्यूम गेजच वापरा.

प्रश्न : ग्वाल्हेरहून लिहितेय. जुनी कार्बोरेटरची व्हॅन आहे, मिस्टरांच्या केटरिंगच्या कामाला लागते. उन्हाळ्यात पेट्रोल उकळून गाडी बंद पडायची म्हणून मेकॅनिकनं मॅनिफोल्डला जाणारी गरम पाण्याची लाइन बंद करून दिली, दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकले. आता डिसेंबरात सकाळी अर्धा तास गाडी झटके देते, पेट्रोलही जास्त पितेय. मॅनिफोल्ड बदलावा का?

उत्तर : नाही ताई, मॅनिफोल्ड बदलू नका, ती लाइन परत जोडून घ्या. ते गरम पाणी मॅनिफोल्डमध्ये उगाच फिरवलेलं नाही. कार्बोरेटरमधून पेट्रोलचे थेंब निघतात, त्यांची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता खेचतात, मॅनिफोल्ड गार पडतो, मग पुढचे थेंब वाफ न होता भिंतीला चिकटून ओघळतात आणि एका सिलिंडरला जास्त, एकाला कमी पेट्रोल मिळतं. तुमचे झटके ते हेच. आणि चोक ओढून ओढून चालवायला लागतं म्हणून पेट्रोल वाढलं. ग्वाल्हेरच्या थंडीत पारा पाच-सहाच्या आसपास उतरतो तिथे ही लाइन बंद ठेवून चालत नाही. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचतं, म्हणजे पूर्वीच्या मानानं या गरम पाण्याची गरज वाढलीच आहे.

उन्हाळ्याचा त्रासही खराच आहे, 45 अंशांत इंजिनजवळ काय होत असेल ते मी समजू शकतो, पण त्याचा उपाय दुसरीकडे आहे. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टजवळून जातोय का बघायला सांगा, त्याला लांबून फिरवून घ्या आणि उष्णतारोधक नळी चढवा. कार्बोरेटरच्या खालचा जाड इन्सुलेटर शाबूत पाहिजे, बरेचदा तो तडकतो आणि मग नुसतं कागदी गॅस्केट लावून भागवतात, त्यानं सगळी धग वर चढते. टाकीकडे परत जाणारा पाइप चोंदला असेल तर तोही मोकळा करून घ्या, कारण फिरतं राहिलेलं पेट्रोल तापत नाही. एवढं केल्यावर लाइन बारा महिने चालू ठेवता येते. होज परत जोडल्यावर कूलंटची लेव्हल दोन दिवस सकाळी बघा, हवा अडकलेली असते.

प्रश्न : वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. 2009 ची हॅचबॅक, पेट्रोल इंजेक्शनची, नंतर सीएनजी किट बसवलं. मागच्या आठवड्यात सीएनजीवर स्टार्ट करताना मोठा धमाका झाला आणि प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड तडकला. इपॉक्सीनं चिकटवला तर चालेल? घरी बदलता येईल?

उत्तर : चिकटवू नका. हे मॅनिफोल्ड काच मिसळलेल्या नायलॉनचे असतात, त्याला इपॉक्सी नीट धरत नाही, त्यात उष्णता आणि पेट्रोलची वाफ, आणि तुकडा सुटला तर तो आतच जाणार. नवीन घ्या किंवा चांगला वापरलेला, रबरी सील मात्र नवेच.

पण नवा बसवून लगेच सीएनजीवर चालवलात तर तोही फुटेल, कारण धमाक्याचं कारण अजून तिथेच आहे. सीएनजीला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. प्लग जुने, गॅप वाढलेला किंवा प्लगच्या वायर लीक असल्या की गॅस पेटत नाही किंवा उशिरा, सावकाश जळतो, तोवर इनटेक व्हॉल्व्ह परत उघडतो आणि ज्वाळा मॅनिफोल्डमध्ये येते, तिथे गॅस भरलेलाच असतो. तेव्हा प्लग, वायर किंवा कॉइल आणि गॅसचं मिक्श्चर हे मॅनिफोल्डच्या आधी. स्टार्ट पेट्रोलवर करा, गरम झाल्यावर गॅसवर जाऊ द्या.

घरी बदलायचं तर पेट्रोलचं काम तुम्ही करू शकता, गॅसचं नाही. सिलिंडरमध्ये 200 बारच्या आसपास प्रेशर असतं, ती लाइन किटच्या अधिकृत माणसाकडूनच सुटी करून आणि परत जोडून घ्या, आणि त्याच वेळी सिलिंडरच्या टेस्टची तारीख बघा, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. पेट्रोलच्या बाजूला फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) इंजिन बंद असतानाही प्रेशर राहतं, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्टार्ट करा आणि आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची तार, मग रेल, तरीही खाली कापड धरून. इंजेक्टरचे ओ-रिंग नवे टाका आणि इंजिन ऑइलचं बोट फिरवून बसवा, कोरडे ढकलले तर कापले जातात. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डचे बोल्ट धातूवाल्यापेक्षा हलके आवळायचे असतात, मॅन्युअलमधला आकडा बघूनच, कारण त्यात पितळी किंवा स्टीलच्या बुश असतात तिथपर्यंतच बोल्ट जातो, पुढे जोर लावला की नायलॉन चिरतं. झाल्यावर व्हॅक्यूम गेज लावलंत तर वडोदरा जवळपास समुद्रसपाटीला असल्यानं पुस्तकातला 17 ते 21 चा आकडा तुम्हाला जसाच्या तसा धरता येईल.

प्रश्न : जुन्या 800 ला मोठ्या गाडीचं कार्बोरेटर आणि त्याचा मॅनिफोल्ड बसवला तर पिकअप वाढेल का? कायद्यानं चालतं का? (इंदूर)

उत्तर : मोठं कार्बोरेटर छोट्या इंजिनला लावलं की खालच्या रेसला हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक थेंब होत नाहीत, आणि शहरात आपण बहुतेक वेळ त्याच रेसवर असतो, तेव्हा पिकअप उलट मंद होतो. कायद्याचं म्हणाल तर खराब पार्टच्या जागी त्याच मॉडेलचा पार्ट टाकणं ही दुरुस्ती झाली, पण कंपनीनं दिलेल्या रचनेत फेरबदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होतं, आधी आरटीओत जाऊन विचारा. 15 वर्षांवरच्या गाडीला रजिस्ट्रेशन रिन्यू करताना फिटनेस दाखवावा लागतो, तिथेही हे निघेल. त्यापेक्षा व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या, जुन्या 800 चा हरवलेला पिकअप बहुतेक वेळा तिथेच सापडतो.